चॉकलेटात बुडवलेला लाडू

अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेखावर शके ९८२ हे वर्ष कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा चित्तराज याच्या काळी आरंभलेले हे देवालय त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या कारकीर्दीत पुरे झाले, असे इतिहासकार मानतात. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. त्या दिवशी उपवास. आणि उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी आलीच. ती कशाची करतात, याचा कधी विचार केला आहे काय? आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, खिचडीतला बटाटा, दाण्याचा कूट आणि हिरवी मिरची, या चारही वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या. कोलंबसाने १४९२ साली समुद्र ओलांडल्यानंतर पोर्तुगीज आणि इतर दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून त्या इकडे आल्या. जिरे आणि तूप तेवढे जुने. म्हणजे ज्या पाथरवटांनी हे देऊळ घडवले त्यांनी आयुष्यात मिरची चाखली नव्हती आणि शेंगदाणा पाहिला नव्हता. आज मात्र त्याच देवाच्या उपवासाला हे चारही परदेशी पाहुणे निःशंकपणे चालतात.

हे सांगण्याचे कारण, दिवाळीच्या ताटाविषयी दरवर्षी उठणारा एक वाद. चकली, करंजी, चिरोटा, अनारसा यांच्या रांगेत अलीकडे एक काळासावळा, तुळतुळीत लाडू येऊन बसू लागला आहे. आत खजूर आणि दाण्याचा कूट, बाहेरून चॉकलेटाचे कवच. मुलांचा हात प्रथम त्याच्याकडे जातो आणि वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. "हा कुठला फराळ?" असा प्रश्न होतो. प्रश्न रास्त आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु शाळेत मुलांना शिकवण्यात आणि कादंबऱ्या लिहिण्यात आयुष्य गेल्यामुळे कोण कुठून आले हे विचारण्याची खोड जडली आहे. तेव्हा या लाडवाचे कुळ शोधायला निघाले.

कोकोच्या झाडाला स्वीडनच्या लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली जे शास्त्रीय नाव दिले त्याचा अर्थ 'देवांचे अन्न' असा होतो. मेक्सिकोतील ॲझ्टेक लोकांत कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. त्यांचे पेय कडू असे. बिया भाजून, दगडावर वाटून, पाण्यात घुसळून, त्यात मिरची घालून ते पीत. १५१९ साली कोर्तेस हा स्पॅनिश सरदार तेथे उतरला आणि पुढे ते पेय स्पेनला पोहोचले. तिथे त्यात साखर पडली, आणि इथे आपला संबंध येतो. साखर करण्याची कला भारताची. संस्कृत 'शर्करा' हा शब्द इराण-अरबस्तानातून फिरत फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'शुगर' झाला. आपली 'खंड' तशीच तिकडे 'कँडी' झाली. म्हणून गोड चॉकलेट ही वस्तू पहिल्यापासूनच अर्धी अमेरिकेची आणि अर्धी आपली आहे. मात्र तिच्या गोडीला एक काळा डागही आहे. युरोपला लागणारी ती साखर आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या घामातून कॅरिबियन बेटांवर निघत होती. मुलांना चॉकलेटाचा इतिहास सांगताना एवढे सांगावेच.

पुष्कळ काळ चॉकलेट पिण्याचीच वस्तू होती. १८२८ साली हॉलंडच्या व्हान हाऊटेन यांनी कोकोतला स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे हक्क मिळवले. त्या स्निग्धाला कोको बटर म्हणतात. आपण त्याला कोकोचे लोणी म्हणू. १८४७ साली इंग्लंडातील फ्राय यांच्या पेढीने कोकोची पूड, साखर आणि हे लोणी एकत्र करून चावून खायची पहिली वडी केली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील डॅनिएल पीटर यांना त्यात दूध मिसळणे साधले. त्यांची अडचण प्रत्येक गृहिणीला कळेल. दुधात पाणी असते आणि चॉकलेटाचे पाण्याशी हाडवैर. शेवटी आटवलेल्या दुधाने काम झाले. मौजेची गोष्ट ही, की हे पीटर मूळचे मेणबत्त्या करणारे. पुढे १९१२ साली ब्रुसेल्सच्या नॉइहाउस यांनी चॉकलेटाच्या पोकळ कवचात सारण भरले. पोकळ कवचात सारण! करंजी करणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटण्याजोगे काय आहे?

कवच चढवण्याची विद्याही आपल्या घरात पूर्वापार आहे. संक्रांतीचा हलवा आठवावा. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि त्यावर थेंब थेंब सोडलेला साखरेचा पाक. बोटांनी सतत हलवत राहायचे. पाक वाळला की पुन्हा थोडा. असे करता करता एकेका तिळावर थर चढतो आणि पाक जमला असेल तर त्याला काटा फुटतो. याच हलव्याचे दागिने नव्या सुनेच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर घालतात. साखरफुटाणेही त्याच जातीचे. आमच्या सासूबाई हलवा करण्यात वाकबगार. चॉकलेटात लाडू बुडवताना त्यांनी प्रथम पाहिले तेव्हा थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा तर हलवाच की गं. फक्त आळशी माणसाचा. आम्ही शंभर वेळा चढवायचो, तुम्ही एकदाच बुडवता."

आमचे बिऱ्हाड बदलापूरला, माझी शाळा उल्हासनगरला, आणि वाटेत अंबरनाथ. कल्याणहून पळसदरीपर्यंत १८५६ साली जो लोहमार्ग सुरू झाला त्याच मार्गावरून माझी रोजची ये-जा. या तीन गावांनी मला या लाडवाचा उरलेला इतिहास शिकवला.

प्रथम उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने मोठी छावणी वसवली होती. तेथे दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, देशाची फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधील हिंदूंचा लोंढा बोटींनी मुंबईकडे लोटला. त्यांतल्या हजारो कुटुंबांना या रिकाम्या बराकी मिळाल्या. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. मध्ये भिंत म्हणून गोणपाटाचे पडदे. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव दिले. या माणसांनी पापड लाटून विकले, गोळ्या-बिस्किटे विकली, आणि पाहता पाहता खाऊच्या धंद्यात या गावाचे नाव झाले.

सिंधी घरांत दिवाळीला 'वरो' करतात. साखरेच्या पाकात काजू, बदाम, पिस्ते, खसखस घालून थापलेली ही पातळ, कुरकुरीत वडी. आपल्या चिक्कीची श्रीमंत बहीणच म्हणा. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजी लहान मुलगी म्हणून सिंधमधून आल्या होत्या. छावणीतली पहिली दिवाळी त्यांना स्वच्छ आठवत होती. त्या म्हणाल्या, "बेटी, काजू-बदाम कुठले! आईने फुटाणे आणि शेंगदाणे गुळाच्या पाकात घातले आणि ताटलीवर थापले. मी म्हटले, ही तर नुसती चणे-गुळाची वडी. आई म्हणाली, नाही, हा वरोच आहे. तिने तो वरोसारखाच कापला, वरोसारखाच वाटला, आणि मग आम्ही सगळ्यांनी तो वरो म्हणूनच खाल्ला." त्या घराची कुलूपबंद कपाटे सिंधमध्येच राहिली, किल्ल्या तेवढ्या बरोबर आल्या होत्या. आज त्यांची नात तोच वरो चौकोनी कापून निम्मा चॉकलेटात बुडवते आणि दिवाळीला डबे भरून ओळखीच्या घरांत विकते. आजींची त्याला हरकत नव्हती. एवढेच म्हणत, "नाव बदलू नका."

त्या एका वाक्याने माझ्यापुरता तो वाद मिटला. पदार्थाचे सामान बदलते, भांडे बदलते, गावही बदलते. पण करणारी माणसे एकत्र बसून आपल्या रीतीने करीत आहेत तोवर तो त्या घराचाच राहतो. आणि हात थांबले की मूळचा पदार्थसुद्धा पाकीट फोडून खाण्याचा जिन्नस होतो. आपल्या फराळाला खरे भय चॉकलेटाचे नाही, तयार पाकिटाचे आहे. नोकरी करणाऱ्या बाईने पाकीट आणले तर तिला बोल लावणारी मी नव्हे, मीही आणते. पण वर्षातला एक पदार्थ तरी घरात सर्वांनी मिळून व्हावा, असे मला वाटते.

चॉकलेट या देशात सामान्य घरांपर्यंत पोहोचले तेही याच काळात. नाशिक जिल्ह्यातील रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग काढला आणि १९४० च्या दशकात तेथे गोळ्या-टॉफी होऊ लागल्या. जुलै १९४८ मध्ये, निर्वासितांच्या बोटी मुंबईला लागत होत्या त्याच वर्षी, कॅडबरी कंपनीने भारतात बस्तान मांडले. ते नाव आपल्या तोंडी असे बसले की मराठी घरांत कोणत्याही चॉकलेटला 'कॅडबरी'च म्हणू लागले.

आता अंबरनाथ. १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे 'विम्को'चा, आगपेट्यांचा मोठा कारखाना येथे अनेक वर्षे चालला. काडीपेटीची काडी कशी होते? लाकडाच्या काड्या चौकटीत रांगेने धरायच्या, टोके प्रथम मेणात बुडवायची, मग गुलाच्या रसायनात, आणि एकमेकींना न चिकटता वाळू द्यायच्या. रसायन घट्ट असेल तर गूल जाड होऊन गळतो, पातळ असेल तर बसत नाही. मेणबत्ती, काडीपेटी आणि चॉकलेटाचा लाडू या तिघांचे शास्त्र एकच: द्रवाची उष्णता नेमकी हवी, बुडवणे चटकन हवे आणि वाळायला जागा हवी. मी वर्गात हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग माझे पणजोबा विम्कोत चॉकलेटच करत होते म्हणायचे!" सगळा वर्ग हसला, पण त्याचे उत्तर अगदीच चुकीचे नव्हते.

राहिले बदलापूर. येथील जांभळे प्रसिद्ध. २०२३ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मेअखेरच्या उन्हात आम्ही जांभळाचा गर साखर घालून ताटात वाळवतो आणि ती पोळी डब्यात जपतो. दिवाळीला तिचे तुकडे कडू चॉकलेटात बुडवले तर तुरट, आंबट आणि कडू या तिन्ही चवी जिभेवर भांडतात आणि मग त्यांचे जमते. ही आमच्या घरची टूम, करून पाहावी.

आता खुद्द लाडवाची कृती. बिया काढलेला मऊ खजूर २५० ग्रॅम, खमंग भाजून सोललेल्या दाण्यांचा जाडसर कूट १०० ग्रॅम, चमचाभर तूप, थोडी वेलची. तुपावर खजूर परतून मऊ करावा, कूट आणि वेलची घालून मळावे आणि सुपारीहून थोडे मोठे लाडू वळावेत. सुमारे ३० होतात. ते पूर्ण निवू द्यावेत. कवचासाठी २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरावे. पातेल्यात थोडे पाणी उकळून आच बंद करावी आणि वर कोरडा ठणठणीत वाडगा ठेवावा. त्याचा तळ पाण्याला लागू नये. आत दोन तृतीयांश चॉकलेट घालून हलक्या हाताने विरघळवावे. वाडग्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी सगळ्याचा खरखरीत गोळा होतो, हे पक्के ध्यानात ठेवावे. डॅनिएल पीटर यांना छळले ते हेच पाणी.

पुढची पायरी पुष्कळजण गाळतात आणि मग चॉकलेटवर पांढुरके डाग आले म्हणून हळहळतात. कोकोचे लोणी गोठताना अनेक प्रकारचे स्फटिक धरते. त्यांतला एकच प्रकार चकाकी देतो आणि मोडताना 'टक्' असा आवाज करतो. त्यासाठी विरघळलेले चॉकलेट सुमारे ४५ अंशांपर्यंत तापलेले असताना वाडगा खाली उतरवावा, उरलेले एक तृतीयांश चॉकलेट त्यात टाकावे आणि ३१-३२ अंशांपर्यंत निवेस्तोवर हलवत राहावे. ही मापे दूध नसलेल्या काळ्या चॉकलेटाची; दुधाच्या चॉकलेटाला एक-दोन अंश कमी. उष्णतामापक नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावून पाहावे. किंचित गार लागले म्हणजे झाले. विरजणासारखीच ही युक्ती: चांगल्या दह्याचा चमचाभर अंश जसा साऱ्या दुधाला वळण लावतो, तसे न वितळलेले चॉकलेट वितळलेल्याला वळण लावते.

बाजारात 'कंपाउंड' नावाची स्वस्त लादीही मिळते. तिच्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरे वनस्पती तूप असते. तिला ही सारी यातायात लागत नाही. विरघळवा आणि बुडवा. पहिल्या खेपेला आणि लहान मुलांबरोबर करताना तीच बरी. मात्र ती जिभेवर मेणासारखी लागते, म्हणून वेष्टनावरचे घटक वाचून काय घेतो आहोत ते ओळखून घ्यावे.

कोकोचे लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते. म्हणूनच ते तोंडात विरघळते. पण ऑक्टोबरच्या दुपारी बदलापूरचे स्वयंपाकघर याहून थंड असते असे नाही! सबब हे काम रात्री जेवणानंतर काढावे. आमच्या घरी सासूबाई लाडू वळतात, आमचे हे चॉकलेट चिरतात, वाफेजवळचे काम माझे, आणि काट्याने बुडवून, वाडग्याच्या काठावर निथळून, कागदावर ठेवणे हे मुलांचे. लेक नेटकी, तिचे लाडू एका रांगेत. चिरंजीवांचे तीनांतले दोन कागदावर पोहोचतात. सासूबाईंना हल्ली दिसते कमी, पण लाडू हातात घेऊन तो कोणी बुडवला हे त्या अचूक सांगतात.

याच्या जोडीला एक गोष्ट मुलांच्या कानावर घालावी. जगातला निम्म्याहून अधिक कोको आज आयव्हरी कोस्ट आणि घाना या आफ्रिकी देशांत पिकतो, आणि तिथल्या मळ्यांत अजून लहान मुले राबतात. २०२४ साली कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरांवर गेला, तरी पुष्कळ शेतकरी गरीबच राहिले. आपल्याकडेही केरळ, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत कोको होतो; कर्नाटकातील पुत्तूर येथे शेतकऱ्यांच्याच 'कॅम्पको' या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून आहे. जे महाग आहे ते थोडे करावे आणि जपून खावे. तीस लाडू एका घराला पुरेसे आहेत.

आता शेवटचे सांगणे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणीमित्र' हे एक हजार पाकक्रियांचे पुस्तक लिहिले म्हणून आपल्या पणज्या काय रांधत होत्या हे आज थोडेफार कळते. अंबरनाथच्या शिलालेखात राजाचे नाव आहे, वर्ष आहे. पण ते देऊळ उभे राहत असताना पाथरवटांना कोण जेवू घालत होते आणि काय, हे त्यात नाही. राजांच्या इतिहासाला शिळा मिळाली. स्वयंपाकघराच्या इतिहासाला फार तर तेलकट डागांची एक वही मिळते. तेव्हा यंदा लाडू कराल तेव्हा त्या वहीत कृती लिहा, वर्ष लिहा, आणि तो कोणी शिकवला त्याचे नावही लिहा. आमच्या वहीत खजुराच्या लाडवापुढे सासूबाईंचे नाव आहे, आणि खाली दोन ओळी सोडून, चॉकलेटात बुडवलेल्या वरोपुढे छावणीतल्या त्या आजींचे.